पेटीवरचं नाव, आतला आंबा

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत, वय ४४. वडील तालुका कचेरीत अव्वल कारकून होते. आयुष्यभर शर्ट एकाच कंपनीच्या कापडाचे आणि बूट एकाच कंपनीचे. ‘दोनच घ्यावे, पण चांगले घ्यावे’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सहा वर्षांपूर्वी वडील गेले आणि मुलानं तोच नेम पुढे चालवला. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याच कंपनीचे तीन तयार शर्ट लागोपाठ बिघडले. तिसऱ्या-चौथ्या धुण्यालाच कॉलरला फुगे आले. मेहुणीच्या लग्नासाठी दीड वर्षानं खोक्यातून काढलेल्या बुटांचे तळ मांडवात पोचेपर्यंत भुसा होऊन गळाले. ‘हवा दमट आहे, कंपनी काय करणार?’ असं म्हणून दुकानदारानं वाटेला लावलं. पत्नी म्हणतात, नावाचं वेड सोडा, कणकवलीच्या शिंप्याकडे शिवा, नाहीतर मोबाइलवरून सहाशेचे मागवा. त्यातच बारावीतल्या मुलानं नऊ हजारांच्या परदेशी बुटांचा हट्ट धरलाय. नाही म्हटलं तर तो विचारतो, ‘तुम्ही नाही का कंपनी बघूनच घेत?’ पत्राचा शेवट असा आहे: ‘इतकी वर्षं इमान राखलं ती कंपनी बदलली, की मीच खुळा होतो? आणि आता सोडली तर बाबांना सोडल्यासारखं होईल का?’

नमस्कार सर,

मुलाच्या बुटांपाशी येतेच, पण आधी एक विचारते. एप्रिलात पुण्याच्या रस्त्यावर ‘देवगड हापूस’ छापलेली पेटी दिसली, तर तुम्ही नाव वाचून खिशात हात घालता का? नाही घालत. एक फळ उचलता, देठाशी नाक नेता, साल बघता, आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसता. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तरी दुसरीकडचा आंबा आपल्या नावाच्या पेटीत बसायचा थांबलेला नाही, हे तुमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. म्हणजे पेटीवरचं नाव आणि आतला माल या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. शर्टाच्या दुकानात शिरल्यावर मात्र हे ज्ञान तुम्ही चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता. तुम्हीच कशाला, आपण सगळेच ठेवतो.

तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. नाव कळलं असतं तर मीही त्या नावाविषयीच बोलत बसले असते.

‘कंपनी बदलली का?’ या तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की कंपनी म्हणजे एक माणूस, वडिलांच्या ओळखीचा, शब्दाला जागणारा. तयार कपड्यांच्या धंद्यात असं एक माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही. नाव एकाचं, कापड दुसऱ्याचं, शिलाई तिसऱ्याची, आणि दुकान चौथ्याचं. अ‍ॅरो हा मूळचा अमेरिकन शर्ट, भारतात १९९३ पासून तो अरविंद समूह विकतो. लुई फिलिप हे एका फ्रेंच राजाचं नाव, शर्ट आपल्याकडे आणतो तो आदित्य बिर्ला समूह. यात लबाडी काही नाही, सगळं उघड आहे आणि यातले कित्येक शर्ट उत्तम असतात. पण नाव तेच राहून मागचे हात बदलू शकतात. शिवाय एकाच नावाखाली दुकानातला माल वेगळा, फॅक्टरी आउटलेटचा वेगळा आणि ऑनलाइन सेलसाठी मुद्दाम स्वस्तात काढलेला तिसराच, असं पुष्कळ कंपन्या करतात. तुमचे ते तीन शर्ट कुठून घेतलेले होते, हे एकदा आठवून बघा. वडिलांची कंपनी आणि सेलमधली कंपनी कदाचित एकमेकींना ओळखतही नसतील.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण बेइमानी नेहमी कंपनीच करते असं नाही. अमेरिकेत मेन राज्यात एल. एल. बीन नावाची कंपनी आहे. १९१२ साली तिच्या मालकानं शिकारीचे बूट काढले, तळ रबरी आणि वरचा भाग चामड्याचा. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० शिलाई उसवून परत आल्या. या गृहस्थानं सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं, बूट सुधारले आणि पुन्हा विकले. पुढे कित्येक दशकं कंपनीचा शब्द असा होता की वस्तूनं समाधान झालं नाही तर केव्हाही परत आणा. मग लोक वीस-वीस वर्षं वापरून झिजवलेल्या वस्तू आणायला लागले, कुठल्या तरी जुन्या बाजारातून उचललेल्याही. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीनं मुदत एका वर्षावर आणली. जुनी गिऱ्हाइकं चिडली. मला दोघांचंही पटतं, म्हणून ही गोष्ट मी अधूनमधून सांगते. पण तुमच्यासाठी तिच्यातला महत्त्वाचा भाग पहिलाच आहे. ते नाव मोठं झालं ते बूट परत घेतल्यामुळे. तुम्हाला वाटेला लावणाऱ्या दुकानदाराशी ताडून बघा.

त्या दुकानदाराचं म्हणणं थोडं खरं आणि थोडं खोटं आहे. शर्टाचं खोटं. कॉलरच्या आत जो कडक पदर असतो, शिंपी ज्याला बकरम म्हणतात, तो हल्ली गोंदाच्या थरानं, उष्णता आणि दाब देऊन कापडाला चिकटवलेला असतो. दाब किंवा तापमान चुकलं, किंवा धुतल्यावर वरचं कापड आणि आतला पदर कमीजास्त आटले, की पकड सुटते आणि फुगे येतात. चौथ्या धुण्याला फुगे आले तर तो कारखान्याचा दोष. देवगडच्या हवेला त्यात ओढायचं कारण नाही.

बुटांचं मात्र बरंचसं खरं. हलक्या, मऊ बुटांचा तळ पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो, दुकानात ज्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात. या पदार्थाचं हवेतल्या बाष्पाशी वाकडं आहे. ओलाव्यानं त्याची रासायनिक साखळीच हळूहळू तुटत जाते. बूट घातले काय, खोक्यात ठेवले काय, तुटणं चालूच राहतं. वरून बूट कोरा दिसतो आणि पाय घालून दहा पावलं चाललं की तळ नाचणीच्या भाकरीसारखा तुकडे होतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते, तिथे तो तळ किती तग धरणार? म्हणजे तुम्ही बूट जपून ठेवलेत, तेच नडलं. तेव्हा वर्षातून दोनदा घालायचे बूट असतील तर तळ रबराचा घ्या, शिवलेला मिळाला तर फारच छान. थोडा जड असतो, पण टिकतो. खोक्यावर बनवल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं, तेही वाचा. दुकानात दोन पावसाळे काढलेला पीयूचा बूट निम्म्या किमतीत मिळाला तरी नको. आणि तुमच्या त्या बुटांचा वरचा भाग धड असेल तर टाकू नका. चांगला चांभार नवा तळ बसवून देतो.

इथे मला एक म्हणायचंय, जरा आग्रहानं. ‘दर्जेदार’ हा शब्द आपण जागा सोडून वापरतो. मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत जो शर्ट दर्जेदार, तो आपल्याकडे असेलच असं नाही. महागडा शर्ट पुष्कळदा फार बारीक सुताचा असतो. सुताचा काउंट जितका मोठा, तितकं सूत तलम. हाताला रेशमासारखं लागतं, पण दगडावर आपटून धुण्यासाठी ते जन्मलेलं नाही. उलट जाडजूड सुती कापड टिकेल, पण जुलैत तीन दिवस वाळणार नाही आणि कुबट वास येईल तो वेगळाच. शाळेत रोज घालायला पावसाळ्यात टेरिकॉटसारखं मिश्र कापड आणि उन्हाळ्यात मध्यम जाडीचं सुती, हे आपल्या हवेचं गणित आहे. पिशव्या, पट्टे, जाकिटं यांवरचा नकली चामड्याचा थर इथे पापुद्रे सुटून निघतो. साध्या लोखंडी चेनी आणि बकलं खाऱ्या वाऱ्यानं गंजतात. यातलं काहीही लेबलवर लिहिलेलं नसतं, कारण लेबल लिहिणाऱ्यानं आपला श्रावण पाहिलेला नसतो.

माझे आजोबा मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, १९८२ च्या संपापर्यंत. आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एक तरी व्यक्ती होती. संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, कापडाचं काम भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. जिथे कापड विणलं जायचं तिथे आता लेबलं विकली जातात. आजोबा गावी आले की मला घेऊन बाजारात जायचे. मी ताग्याच्या काठावर छापलेलं गिरणीचं नाव वाचायला लागले की म्हणायचे, “नाव काय वाचतंस? हात लावून बघ.” मग स्वतः कापडाचा कोपरा मुठीत चुरगाळायचे, सोडून द्यायचे, उजेडाकडे धरायचे, दोन्ही हातांनी आडवं ताणायचे. दुकानदार वैतागायचा. ज्या गिरणीत हयात गेली तिचंसुद्धा कापड ते असं तपासल्याशिवाय घेत नसत. आतलं माहीत असलेला माणूस तो!

तुमच्या वडिलांविषयी माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. तुम्ही ‘त्याच कंपनीच्या कापडाचे शर्ट’ असं लिहिलंय, आणि स्वतःविषयी ‘त्याच कंपनीचे तयार शर्ट’. फरक तिथेच आहे. ते कापड घ्यायचे. काठावरचं नाव वाचत असतील, पण कापड हातात धरूनच घेत असतील, आणि ते शिवत होता त्यांच्या मापाचा, त्यांना नावानं ओळखणारा शिंपी. आत माया सोडून शिवत होता, म्हणजे पोट सुटलं तर उसवून वाढवता येईल. तुम्ही जिला बाबांची निष्ठा म्हणता तिच्यात कंपनी होती, तसा दुकानदार होता, शिंपी होता, घरी हलक्या हातानं धुणाऱ्या तुमच्या आई होत्या. त्या साखळीतून तुमच्याकडे फक्त नाव आलं. एका नावानं एवढं सगळं ओझं कसं पेलावं?

म्हणून ‘सोडू की धरून ठेवू’ असा निकाल तुम्ही लावूच नये असं मला वाटतं. ती कंपनी तुमच्या यादीत राहू दे, पण परीक्षेला बसू दे. तुम्ही शिक्षक आहात, मागच्या वर्षीच्या गुणांवर यंदा कुणाला पास करत नाही.

परीक्षा सोपी आहे, दुकानात पाच मिनिटं लागतात. शर्ट उलटा करा. आतल्या शिलाया बघा, दोरे लोंबतात का, काज कच्चे आहेत का. एक इंच मापून टाके मोजा. चौदा-पंधरा किंवा जास्त असतील तर मन लावून शिवलाय, आठ-नऊ असतील तर उरकलाय. बगलेची शिलाई दोन्ही बाजूंनी हलकी ताणा, फटीतून उजेड दिसला तर ठेवून द्या. चौकडी असेल तर खिशाच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळतात का पाहा, कारण जुळवायला कापड जास्त जातं आणि कंजूष कारखाना पहिली काटछाट तिथेच करतो. कॉलर चिमटीत धरून वरचं कापड आणि आतला चिकटवलेला पदर एकमेकांवर सरकतात का बघा, सरकले तर पकड कच्ची. लेबलवर कापूस किती टक्के तेही वाचा. बाजूचं गिऱ्हाईक बघून हसेल, हसू दे.

आणि यापुढे बिल जपा, वहिनींच्या ताब्यात दिलंत तर उत्तम. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी म्हणजे कायदा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथून भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तीन शर्टांसाठी आयोगापर्यंत जा असं मी म्हणत नाही. पण कॉलरचे फोटो आणि बिल जोडून कंपनीला एक सभ्य, मुद्देसूद ईमेल जरूर लिहा. इतकी वर्षं इमान राखल्याचंही त्यात एक वाक्य असू दे. उत्तर येतं का, कसं येतं, यावरून पुढच्या शर्टाचा निर्णय पुष्कळसा होऊन जाईल.

वहिनींच्या सहाशेच्या शर्टाचं काय? कागदावर मांडून पाहिलं. चोवीसशेचा शर्ट दीडशे वेळा घातला तर एका वेळेला सोळा रुपये. सहाशेचा चाळीस वेळा टिकला तर पंधरा. हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो, म्हणून ‘महाग तेच शेवटी स्वस्त पडतं’ हे वाक्य दरवेळी खरं नसतं. पण सहाशेचे चार शर्ट म्हणजे चार वेळा मागवणं, त्यातले दोन मापाला न बसून परत पाठवणं, आणि शेवटी चार चिंध्या. तुमचा स्वभाव पत्रातून दिसला तेवढ्यावरून सांगते, तुम्हाला ते झेपायचं नाही. शिंप्याचा पर्याय मात्र मला फार आवडला. त्याकडे शेवटी येते.

आता चिरंजीव. त्याचा प्रश्न बिनतोड आहे, त्याला उलटून उत्तर देऊ नका. ‘हो, मी कंपनी बघूनच घेत होतो, आणि फसलो’ असं सांगा. बापाच्या तोंडून हे ऐकायला मिळणं मुलांच्या वाट्याला फार क्वचित येतं. त्याची गरज तुमच्यापेक्षा वेगळी आहे, हेही मान्य करा. तुम्हाला वस्तू टिकायला हवी, त्याला ती दिसायला हवी. गणपतीत मुंबईची भावंडं आली की पडवीत बुटांची रांग लागते, आणि सतरा वर्षांच्या मुलाचं लक्ष आरतीपेक्षा त्या रांगेकडे असतं. त्यावर प्रवचन देऊन उपयोग नाही. तुमच्याही लहानपणी त्या रांगेत काहीतरी होतंच.

पण नऊ हजार सगळे तुम्ही द्यायचं कारण नाही. चांगल्या, टिकाऊ बुटांना जेवढे लागतात तेवढे, समजा तीन हजार, तुमचे. वरचे सहा हजार ही नावाची किंमत, ती त्याची. बारावीची परीक्षा संपते आणि तुमच्याकडे आंबा उतरायला लागतो. एप्रिल-मेमध्ये बागेत आंबा निवडायला आणि पेट्या भरायला हात कमीच पडतात. तिथे काम करू दे. पैसे हातात आल्यावरही त्याला तेच बूट हवे असतील तर निमूट घेऊ द्या, टोमणा न मारता. (माझ्या भाच्यानं अशीच कमाई केली आणि शेवटी बूट न घेता गिअरची सायकल घेतली. दुसऱ्या भाच्यानं बूटच घेतले आणि दोन वर्षं आनंदात वापरले. दोघांचंही बरं चाललंय.) एक अट घाला: तळ कशाचा, बनवल्याचा महिना कोणता आणि बिघडला तर परत कोण घेणार, हे त्यानं आधी शोधून तुम्हाला समजावून सांगायचं. ‘फर्स्ट कॉपी’च्या नावानं बाराशेला मिळणारे नकली बूट घरात आणायचे नाहीत, एवढंही ठरवून टाका.

राहिला शिंपी. बाबांना सोडल्यासारखं होईल का, असं तुम्ही विचारलंत. त्यांचा एखादा जुना शर्ट घरात नक्की असेल. सहा वर्षांत तुम्ही सगळे वाटून टाकले असतील असं मला वाटत नाही. तो काढा, एकदा उन्हं दाखवा आणि अंगात घालून बघा. अंगलट मिळतीजुळती असेल तर कापड स्वतः हात लावून निवडा, त्या जुन्या कंपनीचं आवडलं तर तिचंही चालेल, आणि तो शर्ट मापाला म्हणून कणकवलीला घेऊन जा. कॉलरला गोंदाचं बकरम नको, शिवलेलं घाल आणि ते आधी भिजवून घे, असं सांगा. कडेला दोन बोटं माया ठेवायला सांगा. मापाचा शर्ट अजिबात उसवायचा नाही, हे दोनदा बजावा. आणि हे सगळं गणपतीच्या निदान दीड महिना आधी करा. नंतर कणकवलीतला कुठलाच शिंपी तुम्हाला उभं करणार नाही.